हा तक्ता कुणाला द्यायचा?

काही वर्षांपूर्वी पश्चिम ओडिशातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला होता. पवनचक्क्या, ज्वालामुखी, थर्माकोलची धरणे असे नेहमीचे सारे काही होते. कोपऱ्यातल्या एका टेबलावर मात्र एकही प्रतिकृती नव्हती. नववीतल्या पाच मुलींनी हाताने रेखलेला गावाचा नकाशा आणि एक तक्ता, एवढेच तिथे होते. गावातील प्रत्येक हातपंपाचे पाणी त्यांनी फ्लोराइडच्या तपासणी संचाने तपासले होते. संचातील द्रावण पाण्यात मिसळले की फ्लोराइड कमी असल्यास रंग गुलाबी राहतो. प्रमाण वाढेल तसा तो पिवळ्याकडे झुकतो. मुलींनी नकाशावर पंपांच्या जागी हेच रंग भरले होते. शेजारच्या तक्त्यात कोणत्या पंपावर कोणती घरे पाणी भरतात आणि त्या घरांतील किती मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, याच्या नोंदी होत्या. त्या पाचांपैकी दोघींचे दात तसेच होते, हे मला जरा उशिरा लक्षात आले.

मी परीक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला : एकेका पंपाचे पाणी कितीदा तपासले? तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, असे उत्तर आले. मग त्यांच्यातल्या एकीने मलाच प्रश्न केला. ती ओडियात बोलत होती. शिक्षिकेने काहीशा संकोचाने त्याचे हिंदी करून सांगितले. ‘‘आता हा तक्ता कुणाला द्यायचा?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. हातातल्या गुणपत्रिकेतही त्यासाठी रकाना नव्हता. सादरीकरण, नावीन्य, आत्मविश्वास यांना गुण होते. पहिले बक्षीस आपोआप उघडझाप करणाऱ्या कचरापेटीला मिळाले आणि त्यात मी दिलेल्या गुणांचाही वाटा होता.

विद्यार्थ्यांनी गट करून समाजाचे प्रश्न अभ्यासावेत, ही कल्पना आज सरकारदरबारी चांगलीच रुजली आहे. २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानाने उच्च शिक्षणसंस्थांशी खेडी जोडून दिली. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२१-२२च्या तुकडीपासून ठरवले. (सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात मुक्काम करून कुटुंबांशी नाते जोडतात, ते त्याच्या कितीतरी आधीपासून.) राष्ट्रीय बालविज्ञान परिषद तर १९९३पासून दहा ते सतरा वर्षांच्या मुलांकडून त्यांच्या परिसरातील प्रश्नांवर प्रकल्प करून घेत आली आहे. तिथे पूर्वी पाच जणांपर्यंतचा गट चालत असे. आता तो दोघांचाच असतो. संयोजकांची त्यात सोय असेल, पण एकाने मोजावे, दुसऱ्याने घरोघरी जावे, तिसऱ्याने दोघांच्या आकड्यांवर शंका घ्यावी, ही सामूहिक संशोधनाची खरी गंमत दोघांत मावत नाही.

या साऱ्या उपक्रमांचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र मुलांनी काय शिकावे याचा विचार त्यांत जितका झालेला दिसतो, तितका मुलांना जे सापडले त्याचे पुढे काय करावे याचा झालेला दिसत नाही.

म्हणूनच मला १९८३ सालची एक पदयात्रा वारंवार आठवते. दिल्लीच्या रिजवरील जंगल वाचवण्यासाठी १९७९मध्ये शाळा-महाविद्यालयांतील काही मुलामुलींनी ‘कल्पवृक्ष’ हा गट स्थापन केला होता. (आज ही संस्था पुण्यात आहे.) या गटातील आणि हिंदू कॉलेजच्या ‘नेचर क्लब’मधील विद्यार्थ्यांनी त्या वर्षी नर्मदेच्या खोऱ्यात सुमारे पन्नास दिवस प्रवास केला, कधी पायी, कधी होडीने, कधी बसने. नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा १९७९च्या डिसेंबरात आलेला होता आणि मोठ्या धरणांची आखणी झालेली होती. मेधा पाटकर खोऱ्यात पोहोचायला अजून दोन वर्षे होती. नर्मदा बचाव आंदोलन हे नावही जन्माला यायचे होते. बुडणारी गावे मध्य प्रदेशात, गुजरातेत आणि तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील अक्कलकुवा-अक्राणी भागात होती. या मुलांना या कामाचे गुण मिळणार नव्हते. त्यांचे प्रश्न साधे होते : किती जंगल जाणार, किती माणसे उठणार, ती कुठे बसवणार, आणि याचा अभ्यास पुरा झाला आहे का?

आपला अहवाल कुणाला द्यायचा, हे मात्र त्यांनी नेमके हेरले. तो मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९८४च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. विकास की विनाश, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. प्रकल्पाला केंद्राची सशर्त पर्यावरणीय मंजुरी मिळाली ती त्यानंतर, १९८७ साली. पुढे जागतिक बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमली. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्हींचा पुरेसा विचार झालेला नाही, असे तिने १९९२मध्ये सांगितले आणि पुढच्याच वर्षी बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. या विद्यार्थ्यांमुळे धरण थांबले नाही. २०१७मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. पण बँकेच्या चौकशीला जे प्रश्न पडले, ते महाविद्यालयीन मुलांना आठ वर्षे आधी पडले होते, आणि ते छापील स्वरूपात सर्वांपुढे होते. तेव्हाच कुणी त्यांना लेखी उत्तर द्यायला बांधील असते तर?

उत्तर देण्याची व्यवस्था लहान मुलांसाठीही उभी करता येते. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. चौघा-चौघांच्या टोळ्या करून मुले प्रयोग करत, परिसर पालथा घालत. त्यांना पडलेले प्रश्न ती ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक व्यक्तीला पत्राने कळवत आणि सवालीरामचे उत्तर खरोखरच येई. त्या उत्तरांमागे शिक्षक आणि शास्त्रज्ञ असत. राज्य सरकारने २००२मध्ये हा कार्यक्रम बंद केला. प्रयोगांची पुस्तके उरली; पत्राला उत्तर देण्याची ती रीत मात्र पुढच्या सरकारी योजनांनी उचलली नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

मुलांच्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा, असा आक्षेप अधिकारी घेतात. तो अगदीच गैरलागू नाही. पण २०१९मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना अशाच तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. संच हा शेवटचा शब्द नसतो. संशय आला तर नमुना प्रयोगशाळेत न्यावा, एवढेच तो सांगतो. आईच्या हातातील संचाला जे दार उघडते, ते लेकीच्या हातातील संचाला बंद का असावे? प्रकल्पात सार्वजनिक पाणी, हवा किंवा आरोग्याविषयी धोक्याची नोंद आढळली, तर ती संबंधित कार्यालयाने दाखल करून घ्यावी, फेरतपासणी करावी आणि ठरावीक मुदतीत शाळेला लेखी कळवावे. माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत असते; इथे साठ असली तरी चालेल. तपासणीत मुले चुकलेली आढळली, तर तेही त्यांना कळू द्यावे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला दत्तक कुटुंबात रक्तक्षयाच्या स्त्रिया आढळल्या, तर ती नोंद त्याच्या लॉगबुकाबरोबरच त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातही पोहोचली पाहिजे. यासाठी नवी संस्था लागत नाही की मोठा निधी लागत नाही. एक आवक नोंदवही आणि एक जबाबदार टेबल लागते.

दुसऱ्या वर्षी त्याच भागात जाणे झाले, तेव्हा मी त्या शिक्षिकेची भेट घेतली. तक्त्याची एक प्रत मुलींनी पंचायतीत आणि एक तालुक्याच्या कार्यालयात दिली होती. पोच मिळाली नव्हती. मग मुलींनीच पिवळ्या ठरलेल्या पंपांच्या दांड्यांना गेरू फासला आणि घरोघरी जाऊन सांगितले की याचे पाणी धुण्याभांड्याला घ्या, पिऊ नका. पावसाळ्यात गेरू धुऊन गेला. त्या पाचजणी तोवर दहावीत गेल्या होत्या. मी पोहोचलो त्या दिवशी नववीच्या नव्या तुकडीतील चार मुली बादलीत गेरू कालवत होत्या.