मायबोलीतील बातमी

टेक्सासमधील सान अँटोनिओ येथे १९५५ साली राऊल कोर्तेझ या मेक्सिकोत जन्मलेल्या गृहस्थांनी स्पॅनिश भाषेचे दूरचित्रवाणी केंद्र उभारले. प्रेक्षक होते, परंतु केंद्र यूएचएफ लहरींवरचे, आणि त्या ग्रहण करण्याची सोय तेव्हाच्या बहुतेक संचांत नव्हती. १९६१ साली ते विकले गेले. खरेदीदारांत मेक्सिकोच्या दूरचित्रवाणीचे बडे मालक एमिलिओ अस्कारागा होते. १९६२ मध्ये याच गटाचे केएमईएक्स केंद्र लॉस एंजेलिस येथे सुरू झाले.

मेक्सिकोत तयार झालेल्या कार्यक्रमांनी स्थलांतरितांची करमणूक झाली. पण मुलांची शाळा, मजुरी, पोलिसांची दांडगाई हे प्रश्न लॉस एंजेलिसचे होते. मेक्सिकोहून येणाऱ्या फितींत त्यांची दखल कोठून असणार? ते काम १९७० साली वृत्तविभागाचे प्रमुख झालेल्या रुबेन सालाझार यांनी अंगावर घेतले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धविरोधी निदर्शनांच्या वार्तांकनासाठी गेले असता, शेरीफच्या शिपायाने झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे डोक्याला लागून ते मरण पावले. खटला कोणावरही झाला नाही.

करमणूक दुरून आणता येते. बातमी मात्र राहत्या गावीच मिळवावी लागते, आणि तिचे मोलही तेथेच मोजावे लागते.