पायथॉनवरचा बोर्ड क्लाउडशी कसा बोलतो?

• मायक्रोपायथॉन : मायक्रोकंट्रोलरसाठी बेतलेली पायथॉन ३ची आटोपशीर आवृत्ती. डेमियन जॉर्ज यांनी तिच्यासाठी २०१३ मध्ये किकस्टार्टरवर निधी उभारला.

• पिको डब्ल्यू (२०२२) : मायक्रोपायथॉन चालवणारा रास्पबेरी पायचा छोटा बोर्ड. रॅम अवघी २६४ केबी. वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ; राउटर नुसता ५ वर असेल, तर नेटवर्क दिसतच नाही.

• एमक्यूटीटी : १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेखीसाठी जन्मलेला प्रोटोकॉल. बोर्ड ‘घर/तापमान’ अशा टॉपिकवर संदेश टाकतो, ब्रोकर म्हणजे मधला सर्व्हर तो त्या टॉपिकच्या सदस्यांना पोचवतो. पोर्ट १८८३ कूटबद्ध नसलेला, ८८८३ टीएलएसचा म्हणजे कूटबद्ध.

• घड्याळ : हमखास विसरली जाणारी गोष्ट. बोर्डावर बॅटरी नाही, त्यामुळे वीज गेली की तारीख मागे जाते. टीएलएस जोडणीत सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी चालू असेल, तर ते प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ ठरून जोडणी फसते. म्हणून आधी एनटीपीवरून (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा प्रोटोकॉल) वेळ, मग क्लाउड.