लिफ्टचा दोर आणि लिफ्टचे दार

लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना पुष्कळांच्या मनात एक शंका डोकावते: दोर तुटला तर? आम्ही तिच्यापासूनच आरंभ करतो. तिचे उत्तर देता देता बरेचसे यंत्र उलगडते.

आडावरची कप्पी आठवा. एकीकडे घागर, दुसरीकडे ओढणारा हात. लिफ्टमध्ये हाताच्या जागी लोखंडी वजन टांगलेले असते. पोलादी दोर, एक नव्हे तर अनेक, माथ्यावरच्या खाचांच्या चाकावरून जातात. एका टोकाला माणसांची खोली, दुसऱ्याला हे समतोल वजन. ते रिकाम्या खोलीइतके आणि वर तिच्या पूर्ण भाराच्या ४० ते ५० टक्के ठेवतात. मोटारीला केवळ फरक ओढावा लागतो. गंमत अशी, की रिकामी लिफ्ट वर नेणे तिला सोपे आणि खाली आणणे कष्टाचे!

ब्रेकची रीतही उफराटी आहे. तो विजेने लागत नाही, विजेने सुटतो. वीज गेली की स्प्रिंगा त्याला आवळतात व खोली जागच्या जागी थांबते.

आता दोराचे. १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच चढवलेल्या फळीवर उभा राहिला व त्याने दोर कापविला. फळी किंचित खचली आणि अडकून राहिली. आजच्या लिफ्टमध्ये वेगावर पाळत ठेवणारा गतिनियामक असतो. मर्यादेबाहेर वेग गेला की तो खोलीखालच्या पाचरी खेचतो व त्या दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट पकडतात.

मालाच्या लिफ्टचे तत्त्व हेच. मात्र भरलेली हातगाडी उंबऱ्यावर चढते तेव्हा सारा भार एका कडेला येतो. म्हणून तिची जमीन व रूळ दणकट लागतात.

आमच्या मते भीती बाळगायचीच तर दाराची बाळगावी. खोली समोर नसेल तर दार उघडता कामा नये आणि दार नीट लागले नसेल तर खोली हलता कामा नये, एवढे काम दाराचे कुलूप करते. ते बिघडले, की आत पाऊल टाकणारा पोकळीत पडतो. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने, आणि त्यापूर्वी १९३९ च्या मुंबई कायद्याने, परवाना व तपासणी सांगितली आहे. पण दोन तपासण्यांच्या मधले दिवस रहिवाशांनीच सांभाळायचे. कुलूप नादुरुस्त दिसले तर ती लिफ्ट बंद ठेवावी. दोन मजल्यांमध्ये अडकलात तर दार उचकटून उडी मारू नका. खोलीच्या तळाखाली तीच पोकळी उघडी असते. घंटा दाबा आणि तंत्रज्ञ येईपर्यंत आतच थांबा.