गोडे पाणी, खारे पाणी आणि एकच काचपेटी

गोड्या आणि खाऱ्या पाण्यातील मासे एकत्र जगत नाहीत, याचे मूळ त्यांच्या रक्तातील क्षारांत आहे. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर हाडांचा सांगाडा असलेल्या बहुतेक माशांच्या रक्ताची क्षारता त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे परासरणाने, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी अधिक क्षारांकडे झिरपण्याच्या क्रियेने, नदीतल्या माशाच्या अंगात पाणी सतत शिरते आणि समुद्री माशाच्या अंगातून ते सतत निसटते. पहिला भरपूर, पातळ मूत्र टाकतो. दुसरा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींमार्फत बाहेर काढतो. म्हणून गोल्डफिश समुद्राच्या पाण्यात, विचित्र वाटले तरी, शुष्क होऊन मरतो.

जपानमधील ओकायामा विज्ञान विद्यापीठात मोजक्या क्षारांचे मधल्या क्षारतेचे पाणी बनवून दोन्ही गटांतील मासे एकत्र ठेवून दाखवले गेले, तरी हौशी पालकाने स्वयंपाकघरातले मीठ घालून तसा प्रयोग करणे घातकच. त्यापेक्षा खाडीतले मासे निवडणे शहाणपणाचे, कारण भरती-ओहोटीबरोबर बदलणारी क्षारता कालुंदराला सहज सोसते. जिताडा समुद्रालगत खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि रायगडच्या गोड्या तळ्यांतही वाढतो. मात्र तो असा शिकारी आहे, की पेटीतले लहान शेजारी फार दिवस टिकणार नाहीत.