पोकलेनचा पंप गेलाय की वायर?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडची ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेला फापटपसारा कापलाय, आकडे मात्र सगळे ठेवलेत.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. वडिलांचं पोकलेन आहे, शेततळ्यांची कामं घेतात. दोन-अडीच तास काम झालं की सगळे लिव्हर एकदम मेल्यासारखे होतात. बूम नाही, बकेट नाही, मशीन जागचं सरकतसुद्धा नाही. इंजिन मात्र मस्त चालू. वीस मिनिटं थांबलं की परत सगळं सुरळीत. मिस्त्री म्हणतो पंप गेला. पंप म्हणजे लाखांचा खर्च, आणि मशीनचा हप्ता तर चालूच आहे. मग पंप बदलायचा का?

माझं उत्तर: अजून नाही. झिजलेला पंप असा वागत नाही. तेल तापून पातळ झालं की झिजलेल्या पंपातून आतल्या आत गळती वाढते आणि मशीन हळूहळू मंद होत जातं. एकदम सगळं बंद आणि मग एकदम सगळं चालू, हे वागणं स्विचचं आहे. मी रोज कोड डीबग करतो, पण इथेही पहिला प्रश्न तोच: या सगळ्या बंद पडलेल्या गोष्टींमध्ये सामायिक काय आहे?

सामायिक आहे पायलट तेल. ऑपरेटर जॉयस्टिक हलवतो तेव्हा तो मुख्य तेलाला हातच लावत नाही. मुख्य तेलाचा दाब ३०० बारच्या वर जातो. जॉयस्टिक फक्त साधारण ३५-४० बारचं पायलट तेल सोडते, आणि ते जाऊन मोठे व्हॉल्व्ह ढकलतं. या पायलट तेलाच्या वाटेवर एक दार असतं: सोलेनॉइड व्हॉल्व्ह. सीटच्या डाव्या बाजूचा तो सेफ्टी लिव्हर आठवा. तो खाली-वर केला की एक छोटा लिमिट स्विच दाबला जातो, सोलेनॉइडच्या कॉइलला २४ व्होल्ट मिळतात आणि दार उघडतं. कॉइलचा करंट तुटला तर दार बंद, सगळं मशीन मेलं. पंप बिचारा ठणठणीत असतो.

म्हणजे तपासायचं काय? फ्यूज, रिले, लिमिट स्विच, कॉइल, आणि या सगळ्यांना जोडणारी वायर. बहुतेक जण इथे मीटर लावतात, पण कनेक्टर काढून. मीटर २४ दाखवतो आणि निकाल लागतो: 'करंट येतोय, म्हणजे पंपच.' गोंधळ इथेच होतो.

हिशोब करू. समजा कॉइल ४० ओहमची आहे. २४ व्होल्टवर तिच्यातून ०.६ अँपिअर जायला पाहिजेत. वाटेत एक जॉइंट गंजलाय, त्याचा रेझिस्टन्स १० ओहम. आता एकूण ५० ओहम, करंट ०.४८ अँपिअर. कॉइलला मिळाले १९.२ व्होल्ट, उरलेले ४.८ गंजाने खाल्ले. कनेक्टर काढून मीटर लावलात तर काय दिसेल? पूर्ण २४. कारण डिजिटल मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, मग गंज खाणार काय? रिकाम्या रस्त्यावर खड्डा कळत नाही, लोड गेल्यावर कळतो.

त्यात उष्णता. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. कॉइल ६० डिग्रीने तापली तर जवळपास पाव पट वाढ, करंट आणखी कमी. सकाळी जेमतेम उघडणारं दार दुपारी उघडत नाही. वीस मिनिटांत कॉइल निवते, परत चालू. मेसेजमधलं लक्षण यात चपखल बसतं, पण मोजल्याशिवाय मी खात्री देणार नाही.

मोजायचं असं. कनेक्टर जोडलेलाच ठेवा, मागून बारीक पिन घालून मीटर लावा. बऱ्याच मशीनमध्ये इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन आणि सेफ्टी लिव्हर कामाच्या स्थितीत, एवढ्यावर हे सर्किट चालू होतं. कॉइलवर किती व्होल्ट ते बघा. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कॉइलच्या अर्थ वायरवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. रंग लावलेल्या चॅसिसवर घट्ट केलेला अर्थचा बोल्ट हा माझा पहिला संशयित. आणि हे सगळं बिघाड चालू असतानाच मोजायचं, निवल्यावर नाही.

मीटर नसेल तर ट्रकचा २४ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब कनेक्टरच्या दोन पिनांना लावा. मिणमिणता पेटला तर वाटेत गडबड आहे. हा बल्ब फक्त साध्या ऑन-ऑफ कॉइलच्या वायरीवर. सेन्सरच्या किंवा कंट्रोलरच्या पिनेला लावलात तर तो जवळजवळ ०.९ अँपिअर ओढेल आणि कंट्रोलरच जाळेल.

बूम हवेत असताना लिव्हर मेले, तर त्याच्याखाली कोणीही जायचं नाही. मोजमाप बकेट जमिनीवर टेकलेला असतानाच. आणि तेलाची बारीक गळती हाताने चाचपू नका, त्या दाबाचं तेल कातडीत घुसतं.

आता दुसरी तक्रार: मशीन बंद पडत नाही, पण इंजिन दबतं किंवा ताकद कमी वाटते. इथे पंपावरचा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह बघायचा. कंट्रोलर त्याला मिलिअँपिअरमध्ये मोजून करंट देतो आणि पंपाने किती भार घ्यायचा ते ठरतं. हा करंट गेला तर काही मॉडेलमध्ये पंप पूर्ण भार घेतो आणि इंजिन गुदमरतं, काहींमध्ये उलट मशीन गोगलगाय होतं. कोमात्सुच्या पीसी २०० सारख्या मशीनमध्ये केबिनमध्ये इमर्जन्सी पंप स्विच असतो. तो टाकला की कंट्रोलरला बगल देऊन व्हॉल्व्हला ठरावीक करंट मिळतो. स्विच टाकल्यावर ताकद परत आली तर पंप निर्दोष. शोध कंट्रोलर, सेन्सर आणि वायरिंगमध्ये. नाही आली, तरच प्रेशर गेज लावून पंपाकडे वळायचं. एवढी फुकटची टेस्ट न करता पंप उतरवणाऱ्या मिस्त्रीला मी तरी पैसे देणार नाही.

स्क्रीनवर एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे एरर आले तर पाचही सेन्सर विकत आणू नका. हे प्रेशर सेन्सर बहुधा एकाच ५ व्होल्टच्या सप्लायवर असतात. एक शॉर्ट झाला की सगळेच खाली बसतात. चावी बंद, एक सेन्सर काढा, चावी ऑन, ५ व्होल्ट परत आले का बघा. नाही, तर पुढचा. सगळे काढूनही आले नाहीत, तर वायर कुठेतरी घासलीय. बूमच्या मुळाशी आणि पंपाजवळच्या क्लॅम्पखाली आधी शोधा, उंदरांनाही विसरू नका.

कॅन बसचे ६० ओहम कुठून येतात, ते पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर मीटरचे फोटो पाठवताना पिना कुठे लावल्यात तेही फ्रेममध्ये येऊ द्या, नुसत्या आकड्यावरून मला काही कळत नाही.