पित्ताशय काढलं, मग खांदा का दुखतो?

पित्ताशयातले खडे नुसते काढून भागत नाही. पिशवी राहिली तर ते पुन्हा होतात, म्हणून पित्ताशयच काढतात. पित्त तयार करणारं यकृत शाबूत असतं, त्यामुळे पचन सहसा अडत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बेंबीपाशी एक आणि वरच्या बाजूला बहुधा तीन लहान छिद्रं पाडतात. मग पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं फुगवतात. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. मात्र त्यानं छाती-पोटामधला पडदा चाळवला जातो. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून जात असल्यानं मेंदूची गल्लत होते; खांदा एक-दोन दिवस ठणकतो.

खरी कसोटी कापण्यात नाही, ओळखण्यात आहे. पित्ताशयाची नळी आणि रोहिणी एवढ्यांनाच क्लिपा लावून कापायचं असतं. शेजारची मुख्य पित्तनलिका चुकून कापली गेली तर मोठं संकट. सुजेमुळे काही नीट दिसेना, तर सर्जन सरळ पोट उघडतात. त्याला अपयश म्हणणं मला तरी पटत नाही.

जर्मनीत एरिश म्यूहे यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीनं पित्ताशय पहिल्यांदा काढलं, तेव्हा तिथल्या सर्जनमंडळींनी त्यांना धुडकावून लावलं. पाचच वर्षांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया ही शस्त्रक्रिया करत होते.