एक जूनला जन्मलेली माणसं

मागच्या दिवाळीत बेळगावला घरी गेलो होतो. फराळ चालू असताना ताईनं हळूच विषय काढला. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे आणि शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळतो. एका ओळखीच्या पालकांनी ताईला सल्ला दिला होता, "पोराचं एक वर्ष कमी करून घ्या की! सगळेच करतात. चौदाखालच्या संघात अजून एक वर्ष खेळायला मिळतंय." ताई मला म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला. ऑनलाइन होतं का रे हे?"

मी काही बोलण्याआधी बाबांकडे बघितलं. बाबांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून. दोन्ही काकांचाही १ जून. आमचं मूळ गाव निपाणीजवळ. आजी सांगायची, "तुझा बाबा तंबाखूच्या कापणीत झाला." म्हणजे थंडीत! पण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागायची, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. तुमच्याही घरात असा एखादा एक जूनवाला नक्की असेल.

आमच्या क्षेत्रात याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून काहीतरी भरायचं. तारीख हरवली की बऱ्याच संगणकांवर १ जानेवारी १९७० दिसते, तसंच हे. गुरुजींनी कुणाला फसवलं नव्हतं. पण अशी तारीख कधी कुणाच्या आड येईल, सांगता येत नाही.

शाळेत असताना मी हे जवळून पाहिलंय. एका सामन्यात समोरच्या संघात मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा होता. आम्ही हरलो आणि "वय चोरलंय, वय चोरलंय" म्हणून ओरडलो. पुढच्या वर्षी तक्रार आमच्याच संघातल्या मुलावर झाली. तो निपाणीकडचा, आमचा सगळ्यात चांगला खेळाडू. शाळेच्या दाखल्यावर १ जून होता, तर ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यात त्यानंतरचा फेब्रुवारी. शाळेत लवकर बसवण्यासाठी गुरुजींनी त्याचं वय वाढवलं होतं. ते वाढवलेलं वय धरून आयोजकांनी त्याला बाहेर काढलं. वर दोन तारखा दिसल्या म्हणून लबाडीचा शिक्काही बसला. त्यानंतर तो पुन्हा मैदानावर आला नाही. त्या मिसरूडवाल्याचं वय खरंच चोरलेलं होतं का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. काही मुलं लवकर वाढतात, एवढंही तेव्हा कळत नव्हतं.

असे वाद जगभर आहेत. २०१६ मध्ये कॅनडातल्या विंडसर शहरात जोनाथन निकोला हा दक्षिण सुदानचा विद्यार्थी शाळेच्या बास्केटबॉल संघात सतरा वर्षांचा म्हणून खेळत होता. अमेरिकेच्या व्हिसासाठी अर्ज केल्यावर बोटांचे ठसे जुळले आणि जुन्या नोंदीत जन्मवर्ष निघालं १९८६! आपली नेमकी जन्मतारीख आपल्याला माहीत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

मग हाडं तपासावीत का? आपल्याकडे क्रिकेट मंडळ कुमार गटासाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीनं वय ठरवतं. पण हाडं सांगतात ती शरीराची वाढ, जन्माची तारीख नाही. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात वर्षभराचा फरक सहज असू शकतो. त्यामुळे चाचणीत चोर सापडतो, तसा एखादा निर्दोषही अडकू शकतो.

आणि नुसता आरोपही किती जड असतो! आपल्या कर्नाटकातच, बंगळुरूला सराव करणारा बॅडमिंटनपटू लक्ष्य सेन आणि त्याच्या कुटुंबावर २०२२ मध्ये वय लपवल्याचा गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला २८ जुलै २०२५ रोजी. मधल्या काळात तो पॅरिस ऑलिम्पिक खेळून आला, तेही डोक्यावर ती टांगती तलवार घेऊन.

ताईला मी हेच सांगितलं. बाबांच्या वेळी तारीख माहीत नव्हती म्हणून लिहिली गेली. आपल्याला ती माहीत आहे. दवाखान्याची नोंद आहे, महापालिकेचा दाखला आहे. आता बदलली तर ते खोटंच. आधार, दहावीचं मार्कशीट, पासपोर्ट, सगळीकडे ते खोटं पोराला जन्मभर सांभाळावं लागेल. शिवाय संघात जागा बारा. आपला मोठा मुलगा लहान म्हणून घुसला, तर कुणाचा तरी खराखुरा तेरा वर्षांचा मुलगा घरी बसेल.

ताई गप्प झाली. भाचा चकली खात सगळं ऐकत होता. म्हणाला, "मामा, मग पुढच्या वर्षी सतराखालच्या संघात मी बेंचवरच बसणार की!"

"बस की," बाबा म्हणाले. "पण स्वतःच्या वयानं बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो मला उठवायला आला. हातात बॉल होता.